नवा कोच काय बोलतो यापेक्षा काय मोजतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचं चंद्रपूरकडचं कुटुंब, आता टेक्सासमध्ये. मुलगा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात (हेल्मेट-पॅडवाला अमेरिकन फुटबॉल) दुसऱ्या वर्षाला, जागा सेफ्टीची (बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा), स्कॉलरशिप आहे, पण गेल्या मोसमात डेप्थ चार्टवर (त्या जागेच्या क्रमवारीत) तिसरा. ज्या कोचने त्याला घेतलं तो नोव्हेंबरात संघ सोडून गेला. तो घरच्यासारखा बोलणारा होता. डिसेंबरात आलेला नवा कोच मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतो, सगळ्यांसमोर ओरडतो, आणि जुने सहायक कोच सगळे बदलले गेलेत. मुलाने दुसरीकडे न जाता थांबायचं ठरवलंय. फोनवर मात्र एकच वाक्य येतं, ‘हा माणूस मला ओळखतच नाही.’ त्याने कसं जुळवून घ्यावं आणि आईवडिलांनी काय करावं?

मुलाचं ते वाक्य शब्दशः खरं आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू. आता एका संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू असतात. नव्या मुख्य कोचला पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्वतःचे सहायक नेमायचे असतात, डिसेंबरातल्या नव्या खेळाडूंच्या सह्या सांभाळायच्या असतात आणि जानेवारीत ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) माणसं आणायची असतात. या काळात तिसऱ्या क्रमांकाच्या सेफ्टीशी तो बोलला नाही, तर त्याचा अर्थ नापसंती असा काढू नका. त्याच्याकडे तुमच्या मुलाबद्दल गेल्या मोसमाचं फिल्म (खेळाचं चित्रण), वजन-उंची आणि गुणपत्रक एवढंच आहे. जुन्या कोचने ‘पोरगा चांगला आहे’ म्हणून जमा केलेली पुण्याई संपली. पण जुन्या कोचच्या मनात बसलेला ‘तिसरा’ हा शिक्काही पुसला गेलाय. बसलेल्या क्रमवारीत तिसऱ्याचा पहिला व्हायला दोन वर्षं लागतात, कोच बदलल्यावर एका वसंतात ते होऊ शकतं.

आता शैलीचं. पहिल्या संघसभेत सगळे कोच साधारण तेच बोलतात: शिस्त, कुटुंब, जबाबदारी, सगळ्यांची पाटी कोरी. त्यावरून काहीच कळत नाही. माणसाची पद्धत कळते ती तो काय मोजतो यावरून. मुलाला सांगा, दोन आठवडे वहीत तीनच गोष्टी टिपायच्या. मीटिंगची वेळ सात असेल तर दार खरं किती वाजता बंद होतं? बहुतेक कडक कोचांकडे सात म्हणजे सहा पंचावन्न किंवा सहा पन्नास. फिल्म दाखवताना टेप पहिल्यांदा कुठे थांबते? चुकलेल्या टॅकलवर (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) थांबली तर हा तंत्राचा माणूस. खेळ दुसऱ्या बाजूला चाललाय आणि आपला खेळाडू चालतोय, अशा ठिकाणी थांबली तर हा मेहनत मोजणारा माणूस. त्यांच्या भाषेत याला ‘लोफ’ म्हणतात, आणि काही संघांत प्रत्येकाचे लोफ मोजून भिंतीवर लावतात. तिसरी गोष्ट, लॉकर रूमच्या फळ्यावर काय लागतं: वजनाचे आकडे, जीपीएस बनियनमधून आलेला वेग, की वर्गातली हजेरी? फळ्यावर जे लागतं तेच या कोचचं राज्य. त्या एका आकड्यात महिनाभरात सुधारणा दिसली की नाव आपोआप त्याच्या तोंडी येतं, ओळख करून द्यायला केबिनमध्ये जावं लागत नाही.

दुसरा प्रश्न, मुलाचा खरा साहेब कोण? मुख्य कोच दोन प्रकारचे असतात. एक स्वतः आक्रमणाचे किंवा बचावाचे डाव पुकारणारा, दुसरा सगळ्यावर देखरेख ठेवणारा. हा कोच आक्रमणाचे डाव स्वतः पुकारत असेल, तर सरावात तो क्वार्टरबॅकपाशी (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) उभा दिसेल, आणि सेफ्टीसाठी मुख्य कोच म्हणजे व्यवहारात डिफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर (सगळ्या बचावाचा प्रमुख). रोजचा संबंध त्याहून खालच्या माणसाशी, म्हणजे सेफ्टींच्या पोझिशन कोचशी. खेळायला मिळेल की नाही याची पहिली शिफारस तोच करतो. वर ओरडणारा मुख्य कोच आणि शेजारी बसून शिकवणारा पोझिशन कोच ही जोडी खूप ठिकाणी असते. मुलाने घाबरून पहिल्याकडे बघत बसू नये, दुसऱ्याकडे प्रश्न घेऊन जावं.

आणि जानेवारी ते मार्च या काळात या दोघांपेक्षाही मोठा माणूस म्हणजे स्ट्रेंग्थ कोच. मोसमाबाहेर एनसीएएच्या (विद्यापीठांतल्या खेळांची नियामक संघटना) नियमाने खेळाडूंकडून आठवड्याला ८ तासच सक्तीचं काम घेता येतं, आणि त्यातला मोठा भाग वजनं आणि धावण्याचा असतो. म्हणजे खेळाडू सगळ्यात जास्त वेळ याच माणसाच्या हाताखाली असतात, आणि मुख्य कोच त्याच्याच तोंडून ऐकतो की कोण वेळेवर येतं, कोण शेवटची फेरी ढिली धावतं. नवा कोच बहुधा स्वतःचा स्ट्रेंग्थ कोच घेऊन येतो. म्हणून हिवाळी कंडिशनिंग हीच पहिली परीक्षा समजायची.

इथे थोडं थांबून जपायची गोष्ट सांगतो, कारण कोच बदलल्यावरचे पहिले आठवडे शरीराला सगळ्यात धोक्याचे असतात. नव्या माणसाला आपला कडकपणा दाखवायचा असतो, पोरांना आपला दम दाखवायचा असतो, आणि दोघांनाही एकमेकांची मर्यादा माहीत नसते. जानेवारी २०१७ मध्ये ओरेगन विद्यापीठात हेच झालं. नवा मुख्य कोच आला, सुट्टीनंतरचे पहिले व्यायाम झाले आणि तीन खेळाडू रुग्णालयात गेले. स्ट्रेंग्थ कोचला महिनाभर निलंबित केलं. त्याआधी जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठात १३ खेळाडू असेच दाखल झाले होते. तिथे कोच नवा नव्हता, पण सुट्टीनंतर एकदम जड भार ही चूक होतीच. अशा वेळी होणाऱ्या आजाराचं नाव ऱ्हॅब्डोमायोलिसिस: अतिश्रमाने स्नायू तुटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. ओळखायची खूण म्हणजे लघवीचा रंग कोलासारखा गडद होणं, दंड किंवा मांड्या टणक सुजणं आणि नेहमीच्या अंगदुखीपेक्षा फार जास्त दुखणं. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. सुट्टीनंतरच्या भाराबद्दल अमेरिकेतल्या स्ट्रेंग्थ कोचांच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये मिळून घालून दिलेला हिशेब सोपा आहे: पहिल्या आठवड्यात धावण्याचं काम पूर्ण भाराच्या किमान ५० टक्क्यांनी कमी, दुसऱ्या आठवड्यात ३० टक्क्यांनी कमी. मुलाने सुट्टीत घरी आठवड्यातून तीन-चार दिवस धावणं चालू ठेवलं असेल तर हा उंबरठा सोपा जातो. बसून राहिला असेल तर ते ॲथलेटिक ट्रेनरला (खेळाडूंच्या दुखापती बघणारा वैद्यकीय माणूस) आधीच सांगावं. त्यात कमीपणा नाही.

तुम्ही चंद्रपूरकडचे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात, सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) प्रमाण लक्षात घेण्याजोगं आहे. मुलगा स्वतः आजारी नसेल, पण वाहक असू शकतो, आणि वाहकालाही न थांबता केलेल्या जोरकस धावण्यात, उन्हात किंवा उंचावरच्या गावात गंभीर त्रास होऊ शकतो. एनसीएएच्या पहिल्या विभागात (सगळ्यात वरची पातळी) २०१० पासून ही तपासणी करून घेतात, त्यामुळे अहवाल विद्यापीठाकडे असणार. प्रश्न असा की तो अहवाल नव्या स्ट्रेंग्थ कोचपर्यंत पोचलाय का. मुलाने ट्रेनरला तेवढं एक विचारून घ्यावं. वाहक असेल तर त्याला खेळायची बंदी नसते. धावण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये जास्त विश्रांती, भरपूर पाणी, आणि पाय जड पडले की लगेच थांबायची मुभा, एवढं लागतं.

उन्हाळ्यातला धोका वेगळा, तो उष्माघाताचा. मेरीलँड विद्यापीठात २९ मे २०१८ रोजी धावण्याच्या सरावात जॉर्डन मॅकनेअर कोसळला आणि १३ जूनला गेला. वय १९. चौकशीत निघालं की त्याचं तापमान मोजलं नव्हतं आणि त्याला थंड पाण्यात बुडवलंही नव्हतं. उष्माघातात नियम असा आहे की आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून तापमान उतरवायचं, मग रुग्णवाहिकेतून हलवायचं. अर्ध्या तासाच्या आत हे झालं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. तुमच्या मुलाने जूनमध्ये एवढं बघून ठेवावं की मैदानाशेजारी पाण्याची टाकी भरलेली असते का. स्वतःपुरतं म्हणजे सरावाआधी आणि नंतर वजन करावं. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, सोबत मीठ असलेलं अन्न. वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त उतार रोज दिसत असेल तर ट्रेनरला दाखवावं. मोठ्या संघटनांमधल्या विद्यापीठांत ‘हा खेळाडू आज सराव करणार नाही’ हे वैद्यकीय पथकाने सांगितलं की ते कोचला फिरवता येत नाही. हे मुलाला पाठ असायला हवं, कारण नव्या कोचसमोर कुणीच पहिलं थांबायला तयार नसतं.

आता मैदानावरची खरी अडचण, जिच्याबद्दल पोरं घरी फारसं बोलत नाहीत: भाषा बदलते. नवा कोच म्हणजे नवं प्लेबुक. सगळे नवे शब्द असते तर सोपं झालं असतं. पण घात होतो तो जुनाच शब्द नव्या अर्थाने आला की. एक जवळून बघू. समजा जुन्या कोचच्या ‘कव्हर फोर’मध्ये (चौघांनी मागचं मैदान वाटून घेण्याची बचावरचना) सेफ्टी १२ यार्डांवर उभा राहायचा आणि चेंडू सुटला (डाव सुरू झाला) की मागे पाय टाकत जायचा. नवा कोच तेच नाव ठेवतो, पण सेफ्टीला ९ यार्डांवर उभा करतो, चेंडू सुटल्यावर पाय जागेवर ठेवायला सांगतो आणि नजर बाहेरून मोजलेल्या दुसऱ्या रिसीव्हरवर (फेकलेला चेंडू पकडणारा). तो सरळ साताठ यार्डांपलीकडे धावला की तो तुझा. त्याआधीच बाजूला वळला की त्याला सोड आणि पहिल्या रिसीव्हरच्या आतल्या बाजूला मदतीला जा. तो टाइट एंड (चेंडू पकडणारा आणि अडवणाराही) असून ब्लॉक करायला, म्हणजे अडवायला, उतरला की पुढे धाव, रन (चेंडू घेऊन पळण्याचा डाव) आहे.

ऐकायला तीन ओळी. पण दोन वर्षं मागे पाय टाकायची सवय लागलेल्या मुलाचं शरीर पहिल्या अर्ध्या सेकंदात मागे जातंच, आणि त्या अर्ध्या सेकंदात रन आठ यार्ड घेऊन जातो. दुसरी चूक नजरेची. सवयीने डोळे क्वार्टरबॅककडे वळतात, प्ले-ॲक्शन होते, चेंडू रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणारा) दिल्यासारखा दिसतो, सेफ्टी पुढे येतो आणि टाइट एंड त्याच्या पाठीमागून निघून जातो. टेपवर हे आळशीपणासारखं दिसतं. मुळात ती जुनी सवय असते, आणि ती दमलेल्या अवस्थेत हमखास परत येते. म्हणून सराव सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात रोज दहा मिनिटं, एका जोडीदाराला दुसरा रिसीव्हर करून, फक्त पहिली दोन पावलं. चेंडू नको, वेग नको. वीस वेळा बरोबर झालं की थांबायचं. आठवड्यातून दोनदा हेच धावून दमल्यावर करायचं, कारण चाचणी तिथे होणार आहे.

शब्दांसाठी वहीच्या पानावर तीन रकाने: नव्या कोचचा शब्द, आपल्याकडे त्याला आधी काय म्हणायचे, आणि माझं काम. ‘माझं काम’ या रकान्यात नेहमी तीन गोष्टी: कुठे उभं राहायचं, कुणावर नजर, चेंडू सुटल्यावर काय. दिवसाला आठ-दहा पुकारे, त्याहून जास्त नाहीत. मार्चच्या अखेरपर्यंत मधला रकाना झाकून वही वाचता आली पाहिजे. जुन्या शब्दात भाषांतर करत खेळणारा खेळाडू कायम एक पाऊल उशिरा पोचतो.

हे शिकायचा सगळ्यात छोटा रस्ता खूप जण भावनेपोटी टाळतात. नवा कोच आपल्या जुन्या विद्यापीठातून काही खेळाडू सोबत आणतो. लॉकर रूममध्ये लगेच दोन गट पडतात, ‘आमचे’ आणि ‘त्याचे’. ‘त्याचे’ आपली जागा घ्यायला आलेत असं वाटतं, आणि ते खोटंही नसतं. पण त्यांना या कोचची भाषा येते, तो कधी चिडतो, कधी चिडल्यासारखं करतो, शुक्रवारी काय विचारतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. इंडियाना विद्यापीठ २०२३ मध्ये ३ जिंकून ९ हरलं होतं. कर्ट सिग्नेटी आले, जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले डझनभर खेळाडू घेऊन आले, आणि २०२४ मध्ये संघाने ११ सामने जिंकले. एवढ्या लवकर घडी बसली त्याचं एक मोठं कारण हेच की कोचची पद्धत आतून माहीत असलेली माणसं प्रत्येक खोलीत आधीपासून होती. मुलाने सेफ्टींच्या खोलीतल्या अशा एका खेळाडूसोबत आठवड्यातून दोनदा तासभर टेप बघावी. जागेसाठी स्पर्धा असली तरी हे चालतं. उलट पोझिशन कोचला ते दिसतं आणि आवडतं.

याच्या उलट बाजूही माहीत असू द्या, म्हणजे पहिल्या मोसमाच्या निकालांनी धीर सुटणार नाही. मिशिगनमध्ये २००८ साली रिच रॉड्रिग्ज आले. संघ जुन्या पद्धतीच्या आक्रमणासाठी घडवलेला, यांना मैदानभर पसरलेलं, धावणाऱ्या क्वार्टरबॅकचं आक्रमण हवं होतं. निकाल ३ विजय, ९ पराभव. त्यात खेळाडूंचा दोष थोडाच, माणसं एका कामाची आणि काम दुसरं. निक सेबन अलाबामात २००७ मध्ये आले तेव्हा पहिल्या वर्षी ७ विजय, ६ पराभव, त्यात लुइझियाना-मन्रोसारख्या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर हार. पुढच्या वर्षी १२ विजय, २००९ ला राष्ट्रीय विजेतेपद. सेबन यांची पद्धत धावफलक न बघता हातातल्या एका डावाचं काम पूर्ण करण्याची. पहिल्या वर्षी ती खेळाडूंना जाचक वाटते, कारण जिंकूनही टेपवर बोलणी बसतात. असा कोच असेल तर पहिल्या वर्षातल्या निकालांवरून त्याची पारख करू नका. आणि कोलोरॅडो: १ विजय, ११ पराभव अशा मोसमानंतर डिसेंबर २०२२ मध्ये डीऑन सँडर्स आले, पहिल्याच सभेत पोर्टलमध्ये जा असं उघड सांगितलं आणि ५० हून अधिक खेळाडू गेले. २०२३ ला ४ विजय, २०२४ ला ९. इतकं उघड सांगणारा कोच निदान स्पष्ट तरी असतो. जास्त त्रास होतो तो काहीच न सांगणाऱ्याचा, आणि त्यावर उपाय म्हणजे समोरासमोरची भेट.

प्रत्येक नवा कोच वसंतातल्या सरावाच्या आधी किंवा नंतर एकेकाला बोलावतो. वेळ दहा-पंधरा मिनिटं. या भेटीत ‘मला खेळायला मिळेल का’ विचारू नये. त्याचं उत्तर ‘मेहनत कर’ एवढंच येतं. तीन प्रश्न लिहून न्यावेत: आज सेफ्टींच्या खोलीत मी कितवा आहे? वर जाण्यासाठी टेपवर तुम्हाला नेमकं काय दिसायला हवं? ऑगस्टमध्ये माझं वजन किती हवं? उत्तरं समोरच वहीत लिहायची. दोन उत्तरांत आकडा आहे, मधल्यात बहुधा एखादा शब्द येतो: ‘डोळे’, ‘बोलणं’, ‘टॅकलचा कोन’. तो शब्द पुढच्या पंधरा सरावांचा विषय. सेफ्टी हा बचावातला बोलणारा खेळाडू असतो, पुकारे कॉर्नर आणि लाइनबॅकरपर्यंत पोचवायचे असतात. संकोची मुलं इथे मागे पडतात. डाव बरोबर ओळखतात, पण तोंडातल्या तोंडात बोलतात. हे कोचला दुरून ऐकू जायला हवं.

वसंतात एकूण १५ सराव असतात, त्यातले ३ तरी विनासंपर्क. ऑगस्टच्या कँपमध्ये २५. एवढ्या चाळीस दिवसांत तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाने स्पेशल टीम्सकडे (चेंडू लाथेने मारायच्या डावांच्या तुकड्या) आधी बघावं. किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट, पंट रिटर्न या चार तुकड्यांत मिळून ४४ जागा आहेत, आणि नव्या कोचकडे त्या भरायला ओळखीची माणसं नसतात. धावू शकणारा, टॅकल करणारा सेफ्टी तिथे सगळ्यात आधी लागतो. चारपैकी दोन तुकड्यांत नाव आलं तर प्रवासाच्या यादीत नाव येतं, आणि मग बचावात जागा मिळायला एखाद्याची दुखापतही पुरते.

ओरडण्याबद्दल. कोच ओरडतो तेव्हा आवाज बाजूला काढून उरलेले शब्द काय आहेत ते ऐकायचं. ‘नजर कुठे होती!’ ही सूचना आहे, आणि तिचं उत्तर एकच: डोळ्यात बघून ‘येस कोच’, पुढच्या डावात नजर जागेवर. कारण सांगायचं नाही, खरं असलं तरी. कारण सांगायची वेळ संध्याकाळी टेपसमोर असते. मुलाने स्वतःच्या चुका दोन खात्यांत लिहाव्यात, डोक्याच्या आणि अंगाच्या. चुकीच्या जागी उभा राहिला ही डोक्याची, बरोबर जागी होता पण टॅकल सुटला ही अंगाची. नवे कोच दुसऱ्या खात्याला बरंच सांभाळून घेतात, पहिल्याला अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात सरावाला सहा असतील तर शेवटच्या आठवड्यात एकावर यायला हव्यात.

पण सगळा कडकपणा सहन करायचा नसतो. पाणी नाकारणं, शिक्षा म्हणून ओकारी येईपर्यंत पळवणं, दुखापत ट्रेनरपासून लपवायला सांगणं, वर्ग किंवा परीक्षा बुडवायला लावणं, घराण्यावर, वर्णावर, धर्मावर बोलणं, हे शैलीत बसत नाही. अशा वेळी मुख्य कोचकडे भांडायला न जाता तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवायचे आणि कंप्लायन्स ऑफिसकडे (विद्यापीठातलं नियमपालनाचं कार्यालय) किंवा फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्हकडे जायचं. हे दुसरे म्हणजे प्राध्यापकांपैकी नेमलेले, कोचच्या हाताखाली नसलेले गृहस्थ असतात, आणि दुर्दैवाने बहुतेक खेळाडूंना त्यांचं नावही माहीत नसतं. तासांचं तसंच. मोसमात आणि वसंतातल्या सरावात आठवड्याला २० तास, दिवसाला ४, आणि मोसमात एक दिवस पूर्ण सुट्टी. ‘ऐच्छिक’ व्यायामाची हजेरी कोचकडे जाऊ लागली तर तो ऐच्छिक राहत नाही. याच सरावाच्या तासांवरून मिशिगनवर २०१० मध्ये तीन वर्षांची देखरेख लागली होती. मुलाने आपले तास फोनमध्ये नोंदवून ठेवावेत. भांडायला नव्हे, गरज पडली तर असावेत म्हणून.

आता तुम्ही दोघं. कोचला फोन करू नका, खेळण्याच्या वेळेबद्दल तर कधीच नाही. त्याची नोंद मुलाच्या नावावर होते. मुलाच्या समोर जुन्या कोचची आठवण काढून तुलनाही करू नका. त्याला जुना माणूस आवडत होता, आणि घरातूनही तेच ऐकलं की नव्या खोलीत पाय रुतत नाही. तुमचं काम कागदांचं. स्कॉलरशिपचा करार किती वर्षांचा आहे ते वाचा. पुढच्या वर्षीची मदत चालू, कमी की बंद, हे विद्यापीठाला १ जुलैच्या आत कळवावं लागतं, आणि कमी किंवा बंद केली तर सुनावणी मागायचा हक्क असतो. पहिल्या वर्षीच्या मुख्य कोचला खेळाडू संघातून कमी करता येतो. अशा वेळी त्याची स्कॉलरशिप पुढे चालू ठेवायची सोय नियमांत आहे, ती तुमच्या विद्यापीठात कशी लागू होते हे कंप्लायन्सकडून लेखी घ्या. महसूल-वाटपाचा (विद्यापीठाने खेळाडूला थेट पैसे देण्याचा) करार झाला असेल तर त्यातलं सोडून जाण्याबद्दलचं कलम वकिलाला दाखवा. श्रेयांकांचा हिशेबही बघा. दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण असावा लागतो, तिसऱ्याला ६०. नव्या कोचच्या सकाळच्या वेळापत्रकामुळे प्रयोगशाळेचा विषय सोडायची वेळ आली, तर तो विषय उन्हाळ्यात मिळतो का हे आत्ताच शैक्षणिक सल्लागाराला विचारा.

पोर्टलचं दार सध्या बंद आहे. २०२६ पासून एप्रिलमधली खिडकी काढून टाकली, आणि जानेवारीत २ ते १६ तारीख एवढीच नेहमीची मुदत उरली. कोच बदलल्यावर नवा कोच जाहीर झाल्यापासून पाच दिवसांनी सुरू होणारी १५ दिवसांची सवलत असते, तीही मुलाने वापरली नाही. म्हणजे निर्णय पुढच्या जानेवारीत, आणि तो रागात घ्यायचा नाही, कारण पोर्टलमध्ये नाव घातलं की चालू सत्र संपल्यावर विद्यापीठ मदत थांबवू शकतं. तेव्हा हाताशी चार गोष्टी असल्या पाहिजेत: वसंतातल्या समोरासमोरच्या भेटीत कोचने सांगितलेले तीन जबाब, ऑगस्टमधलं वजन, किती सामन्यांत किती डाव खेळला, आणि त्याच्या जागी कितीजण बाहेरून आणले. चारपेक्षा जास्त सामन्यांत उतरला नाही तर रेडशर्टने (तो मोसम खेळायच्या वर्षांत न धरण्याची सवलत) हे वर्ष वाचतं, तेही मोजणीत धरा.

रविवारी फोनवर बोलाल तेव्हा ‘कोच कसा वागतो’ असं विचारलंत तर दर वेळी तीच तक्रार ऐकू येईल. त्याऐवजी विचारा, या आठवड्यात डोक्याच्या चुका किती, दुसऱ्या रिसीव्हरवर नजर टिकते का, आणि सरावानंतर वजन किती उतरलं.